जुन्या फोनबिलाची वसुली आणि पुराव्याचा भार

जुन्या दूरध्वनी बिलाच्या थकबाकीसाठी वर्षानुवर्षांनी सुरू होणारा तगादा हा ग्राहकव्यवहारातला एक चमत्कारिक प्रकार आहे. त्यात मागितली जाणारी रक्कम बहुधा काही शे ते काही हजार रुपयांची असते. तेवढ्यासाठी न्यायालयात दावा लावणे कंपनीला परवडत नाही आणि वकील देऊन ती नाकारणे ग्राहकालाही परवडत नाही. दोन्ही बाजूंना न्यायालय महाग पडू लागले की तिथे जो पुरावा द्यावा लागला असता त्याची जागा दडपण घेते. मग दिवसातून चारचार फोन येतात, व्हॉट्सअॅपवर वकिलाच्या नावाची नोटीस येते, ‘आज संध्याकाळपर्यंत अर्धी रक्कम भरा, प्रकरण मिटवतो’ असा प्रस्ताव येतो आणि ग्राहक एकतर धास्तावून पैसे भरून टाकतो किंवा वैतागून नंबर ब्लॉक करून गप्प बसतो. हे दोन्ही मार्ग सदोष आहेत. कारण येणे सिद्ध करण्याची जबाबदारी ते मागणाऱ्यावर असते, हे तत्त्व कायद्यात पक्के असले तरी ग्राहकाने लेखी हरकत घेतल्याखेरीज ते त्याच्या कामी येत नाही.

थकबाकी उद्भवते कशी

प्रीपेड जोडणीत पैसे आधी भरलेले असल्यामुळे थकबाकीचा प्रश्न सहसा येत नाही. पोस्टपेड मोबाइल, घरचा दूरध्वनी आणि ब्रॉडबँड या सेवांत मात्र वापर आधी आणि बिल नंतर असा क्रम असतो, त्यामुळे ग्राहक सेवा सोडतो त्या क्षणी एखादे बिल निघायचे राहिलेलेच असते. वापर थांबवला म्हणजे जोडणी बंद झाली, असा समज सर्रास आढळतो. परंतु बंद करण्याचा अर्ज नोंदला गेला नसेल तर मासिक भाडे चालू राहते, त्यावर विलंब आकार चढतो आणि दोनतीन महिन्यांनी कंपनी जोडणी तोडते, तेव्हा खात्यावर मूळ वापराशी संबंध नसलेली रक्कम उभी असते. घर बदलताना परत न केलेला राउटर, पोस्टपेडचे प्रीपेड करताना राहिलेले शेवटचे बिल, परदेशात चालू राहिलेले रोमिंगचे इंटरनेट, ही याच प्रकारची आणखी कारणे होत. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर उपलब्ध झाली, तेव्हापासून जुन्या कंपनीचे अखेरचे बिल नव्या कंपनीच्या ग्राहकाकडे मागितले जाण्याचे प्रसंगही निर्माण झाले.

याखेरीज काही मागण्या मुळातच ग्राहकाच्या नसतात. दुसऱ्याच्या ओळखपत्राच्या प्रतीवर घेतलेली सिमकार्डे, नावसाधर्म्यामुळे चुकीच्या माणसाला लागलेले फोन आणि निव्वळ बनावट वसुली हे त्यातले नेहमीचे प्रकार. आपल्या नावावर सध्या किती मोबाइल जोडण्या आहेत हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर पाहता येते आणि अनोळखी क्रमांकाबद्दल तिथेच तक्रारही नोंदवता येते.

मागणारा नेमका कोण

तगादा लावणारी व्यक्ती स्वतःला ‘रिकव्हरी डिपार्टमेंट’ किंवा ‘लीगल सेल’ म्हणवत असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोनपैकी एका भूमिकेत असू शकते. पहिली भूमिका एजंटाची, म्हणजे कंपनीच्या वतीने पैसे गोळा करून त्यावर दलाली घेणाऱ्याची. इथे येणे कंपनीचेच राहते आणि एजंटाकडे कंपनीचे अधिकारपत्र असावे लागते. दुसरी भूमिका येणे विकत घेणाऱ्याची. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १३० नुसार असे येणे केवळ लेखी आणि सही केलेल्या दस्तानेच दुसऱ्याच्या नावे करता येते; कलम १३१ नुसार त्याची सूचना लेखी असावी लागते आणि तीत घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो. कलम १३२ तर ग्राहकाच्या विशेष उपयोगाचे आहे, कारण येणे कितीही हातांतून फिरले तरी मूळ कंपनीविरुद्ध ग्राहकाला जे बचाव उपलब्ध होते ते सारे नव्या मालकाविरुद्धही टिकून राहतात.

भारतातील दूरसंचार क्षेत्राचा अलीकडचा इतिहास पाहता हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मुंबईतील लूप मोबाइलची सेवा २०१४ च्या अखेरीस थांबली, व्होडाफोन आणि आयडिया या कंपन्यांचे ३१ ऑगस्ट २०१८ रोजी विलीनीकरण झाले, टाटांचा ग्राहक मोबाइल व्यवसाय १ जुलै २०१९ रोजी एअरटेलमध्ये गेला, तर एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स यांची प्रकरणे दिवाळखोरी कायद्याखाली गेली. विलीन झालेल्या कंपनीची येणी कायद्यानेच नव्या कंपनीकडे जातात. पण बंद पडलेल्या कंपनीच्या नावाने एखादी अपरिचित संस्था एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर पैसे मागत असेल, तर हक्क तिच्याकडे कसा आला हे विचारल्याशिवाय एक रुपयाही देणे शहाणपणाचे नाही.

मुदतीचा हिशेब

येणे वसूल करण्यासाठी दावा किती काळात लावावा हे मुदत कायदा, १९६३ ठरवतो. करारातून उद्भवणाऱ्या सामान्य येण्यासाठी ही मुदत तीन वर्षांची असून दूरध्वनी बिलाच्या बाबतीत ती सामान्यतः बिल भरण्याच्या अंतिम तारखेपासून मोजली जाते आणि प्रत्येक बिलाची स्वतंत्रपणे मोजली जाते. एजंटाने नव्याने नोटीस पाठवली, रकमेवर नवे व्याज चढवले किंवा फाइल एका एजन्सीकडून दुसरीकडे दिली, म्हणून ही मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

तारखांचे गणित मात्र अलीकडच्या बिलांबाबत थोडे काळजीने करावे लागते. कोविडच्या साथीमुळे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सर्व मुदतींतून वगळला. समजा, एका बिलाची अंतिम तारीख १५ जून २०१४ होती; त्याची मुदत जून २०१७ मध्येच संपली आणि साथीच्या सवलतीशी त्याचा संबंध नाही. दुसऱ्या बिलाची अंतिम तारीख १५ जून २०१९ असेल, तर वगळलेला काळ सुरू होण्यापूर्वी त्याचे नऊ महिने उलटले होते. उरलेली दोन वर्षे आणि तीन महिने १ मार्च २०२२ पासून मोजायचे, म्हणजे त्याची मुदत जून २०२२ ऐवजी मे २०२४ च्या अखेरपर्यंत लांबते. वरवर पाहता तीन वर्षे उलटलेले बिल अशा रीतीने मुदतीत असू शकत होते, म्हणून २०१७ ते २०२२ या काळातील बिलांचा हिशेब करताना ही सवलत विसरून चालत नाही.

केंद्र आणि राज्य सरकारांना त्यांच्या दाव्यांसाठी तीस वर्षांची मुदत मिळते, आणि सरकारी दूरध्वनीच्या जुन्या बिलांबाबत तिचा उल्लेख होऊ शकतो. परंतु भारत संचार निगम १ ऑक्टोबर २००० पासून कंपनी म्हणून काम करू लागली, तर मुंबईतील महानगर टेलिफोन निगम त्याआधी १९८६ मध्येच स्थापन झाली; कंपनी ही सरकारहून वेगळी कायदेशीर व्यक्ती असल्याने अशी सवलत तिने मागितल्यास ग्राहकाला त्यावर हरकत घेता येते.

मुदत संपल्यावर नेमके काय होते, याबद्दलही नेमकेपणाने बोलले पाहिजे. मुदत कायद्याने दावा लावण्याचा मार्ग बंद होतो, मूळ येणे मात्र नाहीसे होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच स्पष्ट केले आहे. अशा येण्याला मुदतबाह्य येणे म्हणतात. त्याची मागणी करणे हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. पण न्यायालयाची मदत घेऊन ते वसूल करता येत नाही. कायद्याचे कलम ३ तर असे सांगते की, मुदतीनंतर लावलेला दावा प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा उपस्थित केला नसला तरीही न्यायालयाने फेटाळला पाहिजे.

कबुली, अंशतः भरणा आणि नवे वचन

वसुली एजंटाच्या संभाषणात वरकरणी निरुपद्रवी वाटणारे जे प्रस्ताव असतात, त्यांचे खरे महत्त्व इथे कळते. मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने येणे असल्याचे सहीनिशी लेखी मान्य केले तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते; याला कबुली म्हणतात आणि त्यासाठी ‘पैसे देईन’ असे म्हणण्याचीही गरज नसते. कलम १९ नुसार, मुदतीच्या आत काही रक्कम भरली आणि त्या भरण्याची नोंद भरणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीनिशी असली, तरी हाच परिणाम होतो. म्हणजे अडीच वर्षे जुन्या बिलापोटी ‘सदिच्छा म्हणून शंभर रुपये तरी भरा’ हा प्रस्ताव एजंटाला आणखी तीन वर्षे मिळवून देणारा ठरू शकतो.

मुदत उलटून गेल्यावर कलम १८ आणि १९ यांचा उपयोग होत नाही, तिथे भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम २५ लागू होते. त्याच्या तिसऱ्या उपकलमानुसार, मुदतबाह्य येणे पूर्णतः किंवा अंशतः फेडण्याचे सही केलेले लेखी वचन हा एक नवा, बंधनकारक करार ठरतो. फरक बारीक असला तरी महत्त्वाचा आहे: मुदतीनंतर ‘हे बिल माझेच होते’ असे नुसते मान्य केल्याने मेलेला दावा उठून बसत नाही, ‘ही रक्कम दोन हप्त्यांत देतो’ असे सही करून लिहिले, की तो उठतो. ‘सेटलमेंट लेटर’ म्हणून पुढे केलेल्या कागदावर बहुधा असेच वाक्य छापलेले असते. ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरील मजकूरही लेखी पुरावा म्हणून न्यायालयापुढे मांडला जाऊ शकतो, त्यामुळे संदेशात घाईने टाइप केलेले ‘पुढच्या महिन्यात बघतो’ हे उत्तरही टाळलेले बरे.

उत्तरात काय लिहावे

पहिली नोटीस किंवा संदेश आल्यावर फोनवर वाद घालण्याऐवजी एकच लेखी उत्तर पाठवणे, हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक परिणामकारक उपाय आहे. उत्तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला स्पीड पोस्टाने आणि तक्रारीच्या अधिकृत ईमेलवर पाठवावे, त्याची प्रत एजन्सीला द्यावी आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवावा. त्याचा गाभा असा असू शकतो: ‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रातील मागणी मान्य नाही. कोणत्याही कायदेशीर हक्काला बाधा न येऊ देता आणि कोणतेही येणे कबूल न करता पुढील कागदपत्रांची मागणी करण्यात येत आहे. ती मिळून मागणी सिद्ध होईपर्यंत ही रक्कम विवादित समजावी, या विषयावरील पुढील पत्रव्यवहार केवळ लेखी करावा आणि पतमाहिती कंपनीकडे ही थकबाकी निर्विवाद म्हणून कळवू नये. सदर मागणी मुदतबाह्य असल्यास तोही आक्षेप राखून ठेवण्यात येत आहे.’

मागायची कागदपत्रेही नेमकी असावीत. जोडणी घेताना भरलेला ग्राहक अर्ज आणि त्यासोबतचे ओळखपत्र, वादातील प्रत्येक बिलाची प्रत, अंतिम तारखांसह खात्याचा संपूर्ण उतारा, अनामत रकमेची वजावट केली की नाही याचा तपशील, जोडणी बंद केल्याची तारीख, आणि एजन्सीचे अधिकारपत्र किंवा येणे विकत घेतले असल्यास तो दस्त, एवढे मागितले तरी पुरते. अनामत रक्कम विसरली जाते, पण पोस्टपेड किंवा घरच्या दूरध्वनीसाठी भरलेली अनामत बिलातून वजा केली तर उलट कंपनीकडूनच येणे निघते, असेही घडू शकते.

आलेल्या कागदांची तपासणी हाही एक उपयुक्त अभ्यास आहे. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी दूरध्वनी सेवेवर सेवाकर होता. त्यामुळे २०१५ सालच्या वापराचे म्हणून दाखवलेल्या बिलावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर छापलेला असेल, तर तो कागद त्या वेळचा नाही हे उघड होते. दुसरी गोष्ट कॉलच्या तपशिलाची. दूरसंचार परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांनी हा तपशील किमान एक वर्ष ठेवावा असे पूर्वी बंधन होते आणि डिसेंबर २०२१ मध्ये ती मुदत दोन वर्षांची करण्यात आली. आठदहा वर्षांपूर्वीच्या रोमिंगच्या किंवा इंटरनेटच्या वापराचा मूळ पुरावा कंपनीकडे उरला असण्याची शक्यता म्हणूनच कमी असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ नुसार जो हक्क सांगतो त्याने तो सिद्ध करायचा असतो, आणि संगणकातून काढलेला उतारा पुराव्यात द्यायचा तर कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे लागते. एजंटाने पाठवलेली एका ओळीची एक्सेल यादी ही त्या अर्थाने पुरावा नव्हे.

हे सारे सांगताना दुसरी बाजूही झाकता येत नाही. बिल खरोखर आपले आहे, रक्कम बरोबर आहे आणि मुदतही शिल्लक आहे असे कागदांवरून दिसले, तर ते भरून टाकणे हेच योग्य. मात्र पैसे एजंटाच्या हातात किंवा त्याने पाठवलेल्या लिंकवर न देता कंपनीच्या अधिकृत माध्यमातून द्यावेत आणि थकबाकी शिल्लक नसल्याचा दाखला घ्यावा. तडजोडीने कमी रक्कम भरायची असेल, तर ‘पूर्ण आणि अखेरचा भरणा’ असे कंपनीकडून आधी लेखी घ्यावे. नाहीतर उरलेली रक्कम पुन्हा एखाद्या एजन्सीच्या यादीत दिसू शकते.

मूळ ग्राहकाचा मृत्यू झाला असेल तर वारसांकडे मागणी येते. वारसाची जबाबदारी त्याच्या वाट्याला आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरती असते. वडिलांच्या नावावरच्या दूरध्वनीचे बिल मुलाने आपल्या पगारातून भरलेच पाहिजे, असा कायदा नाही.

लोक अदालतीची नोटीस

राष्ट्रीय लोक अदालत जवळ आली की महाराष्ट्रातील जिल्ह्याजिल्ह्यांत बँका, वीज आणि दूरध्वनी कंपन्यांच्या थकबाकीची ‘दाखलपूर्व प्रकरणे’ म्हणजे अद्याप न्यायालयात दावा न लागलेली प्रकरणे मोठ्या संख्येने ठेवली जातात. विधी सेवा प्राधिकरणाचे नाव असलेला कागद हाती पडताच आपल्यावर खटला झाला, असे अनेकांना वाटते. वस्तुतः ते तडजोडीचे निमंत्रण असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खालील लोक अदालतीला वादाचा निर्णय देण्याचा अधिकार नाही, ती केवळ पक्षकारांत तडजोड घडवते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले आहे. तिथे जाऊन मागणी मान्य नाही असे सांगता येते आणि मग प्रकरण तिथेच थांबते. उलट तडजोडीवर सही झाली, तर त्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील नसते. म्हणून मुदतबाह्य किंवा संशयास्पद मागणीबाबत केवळ ‘सूट मिळते आहे’ म्हणून तिथे सही करणे धोक्याचे आहे.

नावातील साम्यामुळे याच्याशी गल्लत होणारी दुसरी संस्था म्हणजे कायमस्वरूपी लोक अदालत. ती त्याच कायद्याच्या कलम २२-ब खाली सार्वजनिक उपयोगाच्या सेवांसाठी स्थापन होते आणि दूरध्वनी सेवा त्यांत स्पष्टपणे गणलेली आहे. तिथे समेट झाला नाही तर ती संस्था स्वतःच गुणदोषांवर निर्णय देऊ शकते, आणि तो निर्णय बंधनकारक असतो. म्हणून नोटिशीच्या वरच्या ओळीत यापैकी कोणते नाव आहे हे नीट वाचावे. कायमस्वरूपी लोक अदालतीचा कागद असेल तर लेखी म्हणणे आणि मुदतीचा आक्षेप तिथे दाखल केलाच पाहिजे. प्रत्यक्ष न्यायालयाचे समन्स आले तर गैरहजेरी कदापि परवडत नाही, कारण एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेणे हे मूळ उत्तर देण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे काम आहे. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कायद्यात नमूद केलेल्या इतर घटकांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

तक्रारीच्या पायऱ्या

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. त्याने २०१२ च्या विनियमांद्वारे कंपन्यांनाच दोन पायऱ्यांची व्यवस्था बंधनकारक केली आहे. पहिली पायरी तक्रार केंद्राची, जिथे तक्रार क्रमांक मिळालाच पाहिजे. उत्तराने समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. अपील तीस दिवसांत करायचे असते, त्याला शुल्क नसते आणि ३९ दिवसांत त्याचा निकाल लागणे अपेक्षित असते.

त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. हा मार्ग बरीच वर्षे अडलेला होता, कारण १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७-ब मध्ये दूरध्वनीच्या वादांसाठी लवादाची तरतूद होती आणि तिच्या आधारे ग्राहक मंचांना अधिकार नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिला होता. कोंडी फुटली ती अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात. दरमहा २४९ रुपये भाड्याच्या पोस्टपेड जोडणीवर ज्याचे सरासरी बिल ५५५ रुपये येत असे, त्याला नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका महिन्यासाठी २४,६०९ रुपये ५१ पैसे आकारले गेले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे धाव घेतली. कंपनीने अधिकारक्षेत्राचा आक्षेप घेतला आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, ग्राहक संरक्षण कायदा हा अतिरिक्त उपाय असून टेलिग्राफ कायद्यामुळे तो हिरावला जात नाही. पुढे दूरसंचार कायदा, २०२३ च्या कलम ३० मध्येही ग्राहक कायद्याखालील हक्क अबाधित असल्याचे नमूद झाले. बिलाच्या एका आकड्यावरील वादाला केवळ ‘कोणाकडे जायचे’ हे ठरवून घेण्यासाठी आठ वर्षे लागली, यावरून लहान रकमांचे दावे लोक का सोडून देतात हे ध्यानात येते. पण त्या आठ वर्षांचा लाभ आता प्रत्येक ग्राहकाला मिळतो.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास बरेच वाद कंपनीच्या पातळीवर मिटण्याची शक्यता असते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत मात्र इथे ग्राहकालाही पाळावी लागते.

पतअहवालातील नोंद

‘सिबिल खराब करू’ हा तगाद्यातला सर्वांत प्रभावी धाक आहे, आणि तो निराधार नाही. पतमाहिती कंपन्यांच्या २००५ च्या कायद्याखालील नियमांत दूरध्वनी कंपन्यांनाही या व्यवस्थेत स्थान आहे, आणि पतअहवालात मोबाइल किंवा ब्रॉडबँडचे खाते दिसू शकते. येणे मुदतबाह्य झाले म्हणून ही नोंद आपोआप पुसली जात नाही. त्यामुळे तगादा सुरू होताच ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून अहवाल मागवून पाहावा. प्रत्येकीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. नोंद चुकीची असल्यास त्या कंपनीकडे हरकत नोंदवता येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस दिवसांत निवारण न झाल्यास एप्रिल २०२४ पासून दरदिवशी शंभर रुपये भरपाईची तरतूद आहे, आणि पतमाहिती कंपन्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाता येते. अहवालात नोंदच नसेल, तर एजंटाच्या धमकीतला अर्धा जीव तिथेच जातो.

धाक आणि गुन्हा यांच्यातील रेषा

दूरध्वनीचे बिल न भरणे हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे; त्यासाठी पोलीस घरी येत नाहीत की अटक वॉरंट निघत नाही. बिल बुडवण्याच्या हेतूने खोटी कागदपत्रे देऊन जोडणी घेतली असेल तरच फौजदारी प्रश्न उद्भवतो. ‘पोलीस ठाण्यातून बोलतोय’ असे सांगणारा एजंट स्वतःच भारतीय न्याय संहितेखाली लोकसेवकाची बतावणी केल्याचा गुन्हा करत असतो, आणि बदनामीची किंवा इजेची धमकी कलम ३५१ च्या गुन्हेगारी धाकदपटशाच्या व्याख्येत बसू शकते. अशा फोनचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ध्वनिमुद्रण जपून ठेवावे. बनावट वसुलीचा संशय असल्यास ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ या सुविधेत तो कळवावा आणि पैसे गेलेच असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

एक गैरसमजही दूर केला पाहिजे. सकाळी आठपूर्वी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करू नये, नातेवाइकांना त्रास देऊ नये, हे रिझर्व्ह बँकेचे सर्वपरिचित नियम बँका आणि वित्तसंस्थांच्या कर्जांसाठी आहेत. दूरध्वनी कंपन्या त्या बँकेच्या नियंत्रणाखाली येत नाहीत. त्यामुळे फोनबिलाच्या तगाद्याविरुद्ध त्या नियमांचा हवाला देऊन भागत नाही, तर ग्राहक कायदा आणि फौजदारी कायदा यांचाच आधार घ्यावा लागतो.

परदेशातील व्यवस्था आणि इथली उणीव

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी राहून आलेल्या अनेक मराठी कुटुंबांच्या मागे तिथले एखादे राहिलेले मोबाइल बिलही येते, आणि तिथले नियम वेगळे आहेत. अमेरिकेत १९७७ च्या संघीय कायद्याने वसुली एजन्सीवर येण्याचा तपशील लेखी देण्याची जबाबदारी टाकली आहे. ग्राहकाने तीस दिवसांत लेखी हरकत घेतली तर पडताळणी देईपर्यंत एजन्सीला वसुली थांबवावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा येण्याची मुदत सहा वर्षांची आहे, तर स्कॉटलंडमध्ये ती पाच वर्षांची असून ती उलटल्यावर केवळ दावा नव्हे, तर येणेच नष्ट होते.

या तुलनेतून भारतीय ग्राहकाची खरी अडचण स्पष्ट होते. मुदतीचा कायदा, पुराव्याचे नियम, ग्राहक आयोग हे सारे इथे आहे, आणि ते कमजोरही नाही. पण ते न्यायालयाच्या किंवा आयोगाच्या दारापाशी सुरू होते, आणि पाचसातशे रुपयांचा वाद त्या दारापर्यंत क्वचितच पोचतो. ‘आधी पुरावा, मग वसुली’ हा क्रम अमेरिकेत कायदा एजन्सीवर लादतो, तर इथे तो ग्राहकाला स्वतःच्या पत्राने लादावा लागतो. एका स्पीड पोस्टाच्या खर्चात पाठवलेली कागदपत्रांची मागणी म्हणूनच नुसती औपचारिकता नसते: जी मागणी खरी असते तिचे कागद त्या पत्रानंतर येतात आणि ती निकाली निघते, जी खोटी, चुकीची किंवा मुदतबाह्य असते, तिच्यासाठी कागद जुळवण्याचा खर्च एजन्सीला मिळणाऱ्या दलालीहून जास्त असतो. रकमेच्या लहानपणामुळे आजवर दडपणाला जो वाव मिळत आला, तोच लहानपणा अशा रीतीने एजंटाच्या विरुद्ध उभा करता येतो.